ज्याला लागलं नव्हतं

श्रद्धाच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळीच तिचा भाऊ विनीत आणि वहिनी मृणाली हार, वेण्या आणि पेढे आणायला गाडी घेऊन रत्नागिरीला गेली होती. मुलाकडची माणसं वेळणेश्वराहून निघाली होती आणि जेवणाच्या आधी पूर्णगडला पोचणार होती. घरात तांदूळ निवडून झाले होते, दारापुढच्या खळ्यात मांडव उभा होता, आणि विनीतचे वडील हरिश्चंद्र खुर्च्या मोजून घेत उगाचच सगळ्यांवर ओरडत होते.

विनीत जहाजाच्या इंजिनखोलीत मोटरमन होता. सहा-आठ महिने समुद्रावर, मग सुट्टीत घरी. एके काळी सुट्टीवर आला की तो प्यायचा. चुलतभावाच्या लग्नात तर मांडवाचा खांब धरून सगळ्या वऱ्हाडासमोर ओकला होता. हरिश्चंद्र बंदर खात्यातून निवृत्त झालेले, गावात शब्दाला मान असलेले. त्या दिवसानंतर महिनाभर ते बाजारात गेले नव्हते. पण गेली दोन वर्षं विनीतने थेंबही घेतला नव्हता. कुणी आग्रह केला तर हसून हात जोडायचा. मृणालीने आता कुठे त्याच्या पिशव्या तपासणं सोडलं होतं.

परत येताना पावस गावाच्या अलीकडे एका वळणावर समोरून मासळीचा रिकामा टेम्पो रस्त्याच्या मधोमध आला. विनीतने गाडी डावीकडे घेतली, पण टेम्पोची मागची बाजू त्याच्या दाराला जोरात ठोकून गेली आणि गाडी कडेच्या दगडी गडग्यावर जाऊन आदळली. जांभ्याचे दोन चिरे बॉनेटवर पडले. टेम्पो थांबला नाही.

मांडीवर हारांची करंडी होती म्हणून मृणालीने पट्टा लावला नव्हता. तिचं कपाळ समोर आपटलं. डोळ्यात रक्त उतरलं. पदराने ते पुसत तिने विनीतकडे बघितलं, तर त्याचं डोकं दाराकडे कललेलं आणि डोळे मिटलेले.

"अहो! अहो, काय झालं?"

त्याने उत्तर दिलं नाही. तिने त्याचा खांदा गदागदा हलवला. मग त्याने डोळे उघडले, समोरच्या फुटलेल्या काचेकडे बघितलं आणि विचारलं, "आपण कुठे निघालोय?"

"घरी. साखरपुडा आहे ना आज."

"हां. हां." त्याने उजव्या कानशिलावरून हात फिरवला. रक्त नव्हतं. मग तिचं कपाळ बघून तो एकदम भानावर आला, दार उघडत नव्हतं म्हणून तिच्या बाजूने तिला बाहेर काढलं, स्वतः बाहेर आला, शेजारच्या घरातून धावत आलेल्या बाईकडून पाणी घेतलं, रिक्षा थांबवली. करंडीतले हार उचलायलासुद्धा तो विसरला नाही.

वाटेतल्या गावात एक छोटा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मृणालीला बाकावर निजवलं आणि जखम धुवायला घेतली.

"दोघांपैकी कुणाची शुद्ध गेली होती का? थोडा वेळ तरी?"

"नाही नाही," विनीत म्हणाला. "मला काही लागलेलं नाही. तुम्ही हिचं बघा."

मृणालीच्या तोंडावर हिरवं फडकं होतं. त्याखाली तिने ते ऐकलं. त्याचे मिटलेले डोळे तिला आठवले. सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण सांगितलं तर डॉक्टर म्हणणार, रत्नागिरीला जा, डोक्याचा फोटो काढा. आणि मग नवऱ्यामुलाला टिळा कोण लावणार? शिवाय तो तर धडधाकट बोलत होता. तेवढ्यात सुई टोचली आणि तिने दात आवळले. बोलायचं राहून गेलं.

टाके घालून झाल्यावर डॉक्टरीणबाई विनीतला म्हणाल्या, "जखम वरवरची आहे. पण डोक्याचा मार आहे, तेव्हा आजचा दिवस आणि रात्र यांच्यावर लक्ष ठेवा. उलटी झाली, डोकं वाढत वाढत दुखायला लागलं, जीभ जड झाली, तेच तेच विचारायला लागल्या, भलत्या वेळी झोपाळल्या, तर थांबू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या. डोळ्यांत बॅटरी मारून बघायची. दोन्ही बाहुल्या सारख्या दिसायला हव्यात. आणि तुम्हालाही काही वाटलं तर—"

"मला काय होतंय!" विनीत म्हणाला, आणि रिक्षावाल्याला हाक मारायला बाहेर गेलासुद्धा.

घरी एकच गोंधळ उडाला. मृणालीच्या कपाळावरची पट्टी बघून सासू सावित्रीने पाटावरचं पीठ तसंच टाकलं. "अगो बाय गो माझ्या! आजच्या दिवशी काय हे!" हरिश्चंद्रांनी आधी सुनेला बसवलं, पाणी दिलं, मग गाडीचं विचारलं. विनीतने सगळ्यांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. एक शब्द न चुकता सांगितलं. शेजारच्या गंगामावशींना त्याने मृणालीच्या उशाशी बसवलं.

"मावशी, हिला झोपू द्यायचं नाही. उलटी झाली की मला हाक मारा. मधून मधून डोकं दुखतंय का ते विचारायचं."

"अरे विचारीन. तू जा बाबा, पाहुणे येतील."

तो गेला. थोड्या वेळाने परत दारात आला. "डोकं दुखतंय का गो तुझं? उलटीसारखं होतंय?"

"नाही हो. टाके तेवढे ठणकतायत."

तो बरं म्हणून गेला. ताकाचं पातेलं घेऊन जाताना परत थांबला. "डोकं दुखतंय का गो तुझं? उलटीसारखं होतंय?"

"नाही म्हटलं ना!"

तिसऱ्यांदाही त्याने तेच विचारलं, त्याच शब्दांत, त्याच सुरात. तेव्हा गंगामावशी हसायला लागल्या. "किती ती काळजी! आमच्या घोवाने उभ्या जन्मात एकदा नाही विचारलान."

मृणालीला लाजल्यासारखं झालं. मनातून बरंही वाटलं.

पाहुणे आले. मृणालीने हट्टाने साडी बदलली, पट्टीवरून पदर घेतला आणि मांडवात मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. नवरामुलगा ऋत्विक रस्त्यांच्या कामावर सुपरवायझर होता. अंगाने आडवा, बोलायला कमी. त्याला पाटावर बसवलं. विनीत ताट घेऊन पुढे आला. ताट त्याने दोन्ही हातांत धरलं होतं, पण डावी बाजू हळूहळू खाली जात होती आणि ते त्याच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. नारळ घरंगळत पाटाखाली गेला. पाठोपाठ कुंकवाचा करंडा उपडा झाला.

मुलाकडचे एक काका म्हणाले, "मेव्हण्याचे हात आत्तापासून थरथरायला लागले!" मांडव हसला. विनीत हसला नाही. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. सावित्रीने पुटपुटत कुंकू गोळा केलं. मग त्याने ऋत्विकला टिळा लावला, अक्षता लावल्या, आणि पुन्हा बोट कुंकवात बुडवून परत टिळा लावायला गेला.

ऋत्विक हळूच म्हणाला, "दादा, झालाय लावून."

हरिश्चंद्र खांबाशी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. मुलाकडची दोन-तीन पोरं मघापासून गाड्यांच्या आडोशाला जाऊन येत होती, ते त्यांनी पाहिलं होतं. विनीतही मघाशी तिकडे खुर्च्या आणायला गेला होता.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा मृणालीला गंगामावशींनी परत आत नेऊन निजवलं. विनीत पंगतीत बसला, पण त्याने पानाला हातही लावला नाही. कपाळ दाबत उठला आणि मागल्या दाराने आगरात गेला. हरिश्चंद्र त्याच्या मागून गेले. एका पोफळीला धरून तो ओकत होता. ओकून झाल्यावर वळला तो भेलकांडला.

"विनीत. खरं सांग. घेतलीस?"

"नाय ओ, बाबा." त्याची जीभ अडखळत होती. "डोकं... डोकं फुटतंय माझं."

"फुटेल नाहीतर काय होईल! आजचा दिवस तरी सोडायचा होतास रे."

विनीतने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. शब्द नीट आले नाहीत. हरिश्चंद्रांनी ते ऐकून घेतलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे चुलतभावाच्या लग्नातला मांडव उभा राहिला होता. श्रद्धाचं जमायला तीन वर्षं लागली होती. खळ्यात पन्नास माणसं जेवत होती आणि त्यातलं एक जरी हात धुवायला मागे आलं असतं तरी वेळणेश्वरापर्यंत बोभाटा झाला असता. त्यांनी मुलाच्या काखेत हात घालून त्याला मागच्या कोठीच्या खोलीत नेलं. नारळांच्या ढिगाशेजारी चटई टाकली, त्याला निजवलं, अंगावर चादर घातली. तांब्याभर पाणी उशाशी ठेवलं.

"पाहुणे जाईपर्यंत इथून हलायचं नाही," ते म्हणाले.

विनीतने डोळे मिटले होते. हरिश्चंद्रांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

आत मृणालीने सासूला विचारलं, "हे कुठे आहेत?"

सावित्री दारातच घुटमळली. मग जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "निजवलाय त्याला. घेतलीन वाटतं. आगरात ओकला म्हणे. तू नको मनाला लावून घेऊ. पाहुण्यांना जाऊ दे, मग बघू."

मृणालीने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन वर्षं. त्याच्या आईसमोर, स्वतःच्या आईसमोर, सगळ्यांसमोर ती छातीठोकपणे सांगत आली होती की आता तो तसा नाही. आणि आज, तिच्या कपाळाला टाके पडलेले असताना, बहिणीच्या साखरपुड्यात. हाक मारायची नाही, बघायला जायचं नाही, असं तिने ठरवलं. बाहेर पंगत उठली, दुसरी बसली. कुणीतरी वाढप्याला भाताची हाक घातली. ती तशीच पडून राहिली.

गंगामावशींनी मात्र आपलं काम इमानाने चालू ठेवलं होतं. "मृणाली, झोपलीस काय गो?"

"नाही."

"उलटी येतेय?"

"नाही."

"डोकं जड झालंय? गरगरतंय?"

"नाही हो मावशी, कितीदा तेच तेच—"

ती थांबली. हळूहळू उठून बसली. तेच तेच विचारायला लागल्या तर, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तिला नव्हतं काही झालं. पण घरात उलटी झाली होती. घरात कुणीतरी भर दुपारी झोपलं होतं. कुणाच्या तरी हातातून नारळ पडला होता, आणि एकच प्रश्न तीनदा विचारला गेला होता. तिला गाडीतलं ते कललेलं डोकं दिसलं.

"अगो, उठू नको, चक्कर येईल!" गंगामावशी ओरडल्या. मृणाली तोवर स्वयंपाकघर ओलांडून गेली होती.

कोठीच्या दाराला बाहेरून कडी बघून ती क्षणभर थबकली. मग तिने कडी काढली. आत काळोख होता आणि आंबूस वास. विनीत घोरत होता. हे त्याचं नेहमीचं घोरणं नव्हतं. मध्येच श्वास थांबायचा, आणि मग घशातून पाणी ओढून घ्यावं तसा आवाज यायचा. तिने गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडाशी नाक नेलं. दारूच्या वासात तिने संसाराची कितीतरी वर्षं काढली होती. तो वास इथे नव्हता.

"अहो. अहो, उठा. विनीत!"

त्याने डोळे उघडले नाहीत. तिने त्याच्या डाव्या दंडाला जोरात चिमटा काढला. हात हलला नाही. मोबाईलची बॅटरी लावून तिने एक पापणी वर केली, मग दुसरी. डाव्या डोळ्यातली बाहुली उजेडात बारीक झाली. उजवी तशीच राहिली. मोठी, काळी, जवळजवळ सगळा डोळा भरून.

तिची किंकाळी खळ्यापर्यंत गेली.

हरिश्चंद्र धावत आले. "मृणाली, हळू. पाहुणे आहेत. उतरेल त्याची—"

"यांनी घेतलेली नाही, बाबा! यांच्या डोक्यात रक्त होतंय. सकाळी यांनाच लागलंय. गाडी काढा कुणाचीतरी!"

"पण तो मघाशी..."

"गाडी काढा!"

हरिश्चंद्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या मागून ऋत्विक आला होता, हातात अर्धा विडा तसाच धरलेला. त्याने चटईवर एकदा बघितलं आणि खळ्यात जाऊन खुर्च्या बाजूला सारत आपली गाडी मागल्या दाराशी आणली. चौघांनी चादरीत घालून विनीतला मागच्या सीटवर ठेवलं. मृणालीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हरिश्चंद्र पुढे बसले. मांडवात श्रद्धा नव्या साडीत उभी होती आणि तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

रत्नागिरीच्या अलीकडे भाट्याच्या पुलावर विनीतला परत उलटी झाली आणि मृणालीने त्याला कुशीवर वळवलं, श्वास अडकू नये म्हणून बोटाने तोंड साफ केलं.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने त्याचे डोळे बघितले आणि लगेच स्कॅनला पाठवलं. मग तो कागद न घेताच विचारत गेला. "अपघात कधी झाला? तेव्हा शुद्ध गेली होती?"

"गेली होती," मृणाली म्हणाली. "थोडा वेळ. डोळे मिटले होते. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही."

डॉक्टरने एकदा तिच्याकडे बघितलं. "शेवटचं नीट कधी बोलले? झोपले ते उठत नाहीत, हे कधी लक्षात आलं?"

मृणालीने सासऱ्यांकडे बघितलं. हरिश्चंद्रांचे ओठ हलले. "दार लावलेलं होतं," ते म्हणाले.

"कुणी लावलं होतं?"

"मी."

स्कॅन आल्यावर डॉक्टरने दोघांना सांगितलं. कानशिलाजवळचं हाड तडकलं होतं. त्याखालची रक्तवाहिनी फाटून हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत गेलं होतं, आणि आता ते मेंदूला दाबत होतं. "यात माणूस आधी चांगला बोलतो, चालतो. काही तास. बघणाऱ्याला वाटतं, याला काही झालंच नाही. मग एकदम बिघडतं. ऑपरेशन लगेच करायला हवं, आणि ते कोल्हापूरला. मी तिथे फोन केलाय. दाब कमी करायचं औषध आणि श्वासाची नळी इथेच सुरू करतो."

अँब्युलन्समध्ये एकालाच जागा होती. मृणाली बसली. हरिश्चंद्र ऋत्विकच्या गाडीत मागून निघाले. पालीच्या बाजारात चिऱ्यांचा ट्रक वळत होता तिथे भोंगा वाजवत थांबावं लागलं. लोक आत डोकावून बघत होते, एका बाईने नुसते हात जोडले. पुढे घाट लागला. परिचारक बसल्या जागी एका तालात श्वासाच्या नळीचा फुगा दाबत होता आणि प्रत्येक वळणावर पायाने स्ट्रेचर अडवत होता. मृणालीने विनीतचा उजवा हात धरला होता. सुरुवातीला त्या हाताची बोटं मधूनच आवळायची. घाट चढून वर आल्यावर ती आवळायची थांबली.

"दादा, हात..." ती म्हणाली.

"नळी घालताना झोपेचं औषध दिलंय, ताई. हात नका बघू. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी."

ती आंबा घाटात मोहोर कसा आलाय, गाडी आता सपाटीला लागली, मलकापूर आलं, असं वाटेवरचंच सांगत राहिली.

कोल्हापुरात त्याला सरळ ऑपरेशनला नेलं. सर्जन बाहेर आला तेव्हा हरिश्चंद्र आणि ऋत्विक येऊन पोचले होते. ऋत्विकच्या कपाळावर टिळा अजून तसाच होता.

"रक्त काढलंय. जीव वाचेल," सर्जन म्हणाला. "पण मेंदूवर बराच वेळ दाब होता. डाव्या अंगाची खात्री देत नाही."

हरिश्चंद्रांनी विचारलं, "आधी आणला असता तर?"

सर्जन दमलेला होता, आणि कदाचित म्हणूनच त्याने आडपडदा ठेवला नाही. "पहिल्या उलटीला आणलं असतंत तर बहुतेक चालत घरी गेला असता."

हरिश्चंद्र भिंतीला टेकत खाली बसले. ऋत्विक त्यांच्याजवळ बसला. मृणाली उभीच राहिली.

विनीत महिन्याभराने घरी आला. बोलत होता; शब्द थोडे ओढल्यासारखे, पण समजतील असे. माणसं ओळखत होता. डावा हात मांडीवर पडलेला असायचा आणि डावा पाय ओढत चालावं लागे. त्याहून विचित्र गोष्ट सावित्रीच्या आधी लक्षात आली. ताटातला उजवीकडचा भात संपवून तो हात धुवायला मागायचा. डावीकडची भाजी, माशाची तुकडी तशीच. "आवडलं नाही काय रे?" तिने विचारलं तर म्हणाला, "होतं कुठे?" दाढी करायला बसला की उजवाच गाल करायचा. डॉक्टर म्हणाले होते, त्याला डावीकडचं दिसतं, पण डावी बाजू आहे हेच त्याच्या मेंदूला कळत नाही. जहाजावर परत जाण्याचा प्रश्न नव्हता. तो मात्र रोज विचारायचा की कंपनीचा फोन आला का.

रोज सकाळी हरिश्चंद्र त्याला आंघोळ घालत, आणि राहिलेला गाल करून देत. सुनेशी कामापुरतं बोलत. मृणालीही तेवढंच बोलायची. श्रद्धाचं लग्न ऋत्विकच्या माणसांनी मोडलं नाही. वैशाखात वेळणेश्वरच्या देवळात थोडक्यात झालं. तिथे विनीत खुर्चीवर बसून होता आणि अक्षता टाकताना त्याने त्या भलत्याच दिशेला टाकल्या.

लग्नाहून परत आल्यावर एका दुपारी हरिश्चंद्र पडवीत मृणालीसमोर येऊन उभे राहिले. "मला बोल तरी काहीतरी. शिव्या घाल. तू गप्प असतेस ते मला सोसत नाही."

ती कोकमं फोडत होती. तिने हात थांबवले नाहीत. "शिव्या घालून काय करू, बाबा? दार तुम्ही लावलंत. पण आईंनी मला सांगितलं तेव्हा मीही खरंच धरलं. तोंड फिरवून पडून राहिले. तुमच्यापेक्षा मला यांची जास्त ओळख होती."

"तू निदान उठलीस."

"उशिरा उठले." आणि मग पुढचं कोकम उचलत, "मी तुम्हाला माफ केलं असं म्हणणार नाही. खोटं होईल ते. उद्या कधी होईल तेव्हा सांगेन."

हरिश्चंद्रांनी मान हलवली. ते तिथून गेले नाहीत. पाट ओढून बसले आणि तिच्यासमोरच्या टोपलीतली कोकमं फोडायला लागले.

विनीतला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं. रत्नागिरीला निघालो एवढं आठवायचं, पुढे कोरं. एकदा आंघोळीच्या दगडावर बसलेला असताना त्याने वडिलांना विचारलं, "बाबा, मला नीट सांगा. त्या दिवशी मी घेतली होती काय? म्हणून गाडी ठोकली?"

हरिश्चंद्रांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "नाही रे. तू घेतली नव्हतीस. टेम्पोवाल्याने ठोकलं. तू सांगत होतास, मी ऐकलं नाही." मग त्यांनी सगळं सांगितलं, दाराचंसुद्धा. विनीतने ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. हल्ली कशानेच तो फारसा हलायचा नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "पाणी गार झालं."

पावसाळ्याच्या तोंडाशी मृणाली त्याला तपासणीसाठी कोल्हापूरला घेऊन गेली. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईने तिला सांगितलं, "सगळे त्यांच्या उजव्या बाजूला बसतात, कारण तिकडून ते बोलतात. तुम्ही तसं करू नका. डावीकडे बसा. डावीकडूनच हाक मारा, वाट्टेल तितका वेळ लागला तरी. कधी वळतील, कधी नाही."

"पूर्वीसारखे होतील?"

"पूर्वीसारखे नाही," बाई म्हणाली.

तेव्हापासून संध्याकाळी मृणाली त्याला हाताला धरून खाडीच्या मुखाशी नेते. होड्या ओढून वर घेतलेल्या असतात. एका पालथ्या होडीवर ती त्याला बसवते आणि स्वतः त्याच्या डाव्या बाजूला बसते. तो उजवीकडच्या किल्ल्याच्या टेकडीकडे बघत राहतो. ती हाक मारते. तो वळत नाही. ती शेजारून जाणाऱ्या माणसांना ओळख देते, सुटलेला पदर खोचते, आणि परत हाक मारते.

"अहो. मी इकडे आहे."

परवा बऱ्याच हाकांनंतर त्याने मान वळवली. अर्धीच, जेमतेम नाकाच्या रेषेपर्यंत. त्याला काय दिसलं कुणास ठाऊक. "कोण बसलंय गो तिकडे?" त्याने विचारलं.

"मीच," ती म्हणाली, आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायला हवं म्हणून त्याला उठवायला लागली.